आयावास्का पिऊन उपासना करणारे ब्राझीलमधले पंथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलात उगम पावलेल्या आणि आयावास्का हा वनस्पतींचा काढा पवित्र मानून पिणाऱ्या तीन पंथांबद्दल मराठी वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. काढा घरी करण्याची कृती इथे मिळणार नाही. तो पिणारी माणसं त्याभोवती काय नियम पाळतात, ते का पाळतात आणि ते मोडले की काय होतं, हे मात्र सविस्तर दिलं आहे. पर्यटकांसाठी चालणारी 'रिट्रीट' हा वेगळा प्रकार आहे. त्याचा उल्लेख जिथे गरज आहे तिथेच येईल.

हे तीन पंथ कोणते आणि ते कुणी सुरू केले?

सांतो दाइमे, बार्किन्या आणि उनियांव दो वेजेताल. तिघांचेही संस्थापक रबराच्या चिकाच्या धंद्याच्या काळात ॲमेझॉनकडे स्थलांतर केलेले गरीब लोक होते.

सांतो दाइमेचे संस्थापक रायमुंदो इरिनेउ सेर्रा हे मारान्याव राज्यातले कृष्णवर्णीय गृहस्थ. १९१०च्या दशकात ते आक्रे भागात रबर गोळा करायला आले, सरहद्दीच्या जंगलात आयावास्काशी त्यांची गाठ पडली आणि १९३० साली रियो ब्रांको शहराजवळ त्यांनी उघडपणे उपासना सुरू केली. पंथाच्या परंपरेनुसार त्यांना चंद्रातून 'अरण्याची राणी' दिसली आणि तिच्या सांगण्यावरून त्यांनी जंगलात आठ दिवस बिनमिठाचा कसावा कंद खाऊन व्रत केलं. या राणीला अनुयायी निष्कलंक गर्भधारणेच्या मारियेशी एकरूप मानतात. मेस्त्रे (म्हणजे गुरू) इरिनेउ १९७१ साली वारले. पुढे शिष्यांत फाटे फुटले. जुनी मंडळी रियो ब्रांकोतल्या 'आल्तो सांतो' या मूळ केंद्राला धरून राहिली, तर पाद्रिन्यो सेबास्तियांव मोता दे मेलो यांनी वेगळी वाट धरली आणि १९८३ साली जंगलात खोलवर 'सेऊ दो मापिया' ही वस्ती वसवली. आज युरोप, अमेरिका, जपानमध्ये जे दाइमे दिसतं ते बहुतेक या दुसऱ्या शाखेचं.

बार्किन्या १९४५ साली दानियेल परेरा दे मातोस यांनी रियो ब्रांकोतच सुरू केला. ते इरिनेउंचे मित्र आणि पूर्वीचे खलाशी.

उनियांव दो वेजेताल २२ जुलै १९६१ रोजी बोलिव्हियाच्या सीमेलगतच्या एका रबर-मळ्यात स्थापन झाला. संस्थापक जोझे गाब्रियेल दा कोस्ता मूळचे बाहिया राज्यातले. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांना रबर पुरवण्यासाठी सरकारने जी 'रबर-सैनिकां'ची भरती केली, तिच्यातून ते ॲमेझॉनकडे आले. हा तिघांतला सर्वांत शिस्तबद्ध आणि संघटित पंथ आहे. मुख्यालय ब्राझिलियात, सदस्य वीस हजारांच्या आसपास.

काढ्यात असतं काय? दोनच वनस्पती का?

एक वेल आणि एक पान. वेलीचं शास्त्रीय नाव बॅनिस्टेरिऑप्सिस कापी. दाइमेवाले तिला 'जागुबे' म्हणतात, वेजेतालवाले 'मारिरी'. ती मालपिगिएसी कुळातली, म्हणजे आपल्याकडच्या माधवीलतेच्या घराण्यातली. पान सायकोट्रिया विरिडिस या झुडपाचं. ते 'राइन्या' किंवा 'शाक्रोना', आणि कॉफीच्या कुळातलं. पंथांच्या भाषेत वेल 'शक्ती' देते आणि पान 'प्रकाश'.

रसायनशास्त्रही जवळपास हीच वाटणी सांगतं. पानात डीएमटी हे मानसिक परिणाम करणारं द्रव्य असतं. पण नुसतं पान उकळून प्यायलं तर काही होत नाही, कारण आतडं आणि यकृतातलं 'मोनोअमाइन ऑक्सिडेज' हे विकर डीएमटी रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकतं. वेलीतली हार्मिन, हार्मलिन आणि टेट्राहायड्रोहार्मिन ही अल्कलॉइडं त्या विकराला काही तास अडवून धरतात, आणि तेवढ्यात डीएमटी मेंदूपर्यंत जातं. हा अडसर कायमचा नसतो, काही तासांनी सुटतो. पण तो असतो तेवढा वेळ शरीरातल्या इतर औषधांवरही त्याचा परिणाम होतो. खालचा औषधांचा प्रश्न म्हणूनच या लेखातला सर्वांत महत्त्वाचा आहे.

आदिवासी लोक पितात तेच का हे?

पेय तेच, चौकट वेगळी. हुनी कुइन, आशानिंका, शिपिबो, तुकानो अशा अनेक जमातींमध्ये हा काढा या पंथांच्या खूप आधीपासून आहे. इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस यांनी १८५२ साली रियो नेग्रोच्या खोऱ्यात या वेलीचा नमुना गोळा केला, तेव्हा तिथले लोक ती सणासमारंभात पीतच होते. अनेक जमातींत रोगाचं कारण शोधायला वैदू स्वतः पितो आणि रोगी पितोच असं नाही. पंथांमध्ये सगळी मंडळी एकत्र पितात आणि वर मारिया, येशू, सॉलोमन राजा, पुनर्जन्म, आफ्रिकी वंशाच्या परंपरांतले आत्मे अशी ब्राझीलची सरमिसळ असते. पेरूने २००८ साली आयावास्काच्या पारंपरिक ज्ञानाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, तो आदिवासी परंपरेला. या पंथांशी त्याचा संबंध नाही.

दाइमेची उपासना प्रत्यक्षात कशी चालते?

उपासनेला ते 'काम' म्हणतात, आणि खरोखरच ते कष्टाचं असतं. मंडपाच्या मध्यभागी टेबल, बहुधा ताऱ्याच्या आकाराचं. त्यावर दोन आडव्या दांड्यांचा क्रूस, मेणबत्त्या, फुलं, पाणी. टेबलाभोवती वादक आणि ज्येष्ठ. त्यांच्यामागे एका बाजूला पुरुषांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला बायकांच्या. रांगेतली जागा उंचीनुसार ठरते, आणि तरुण-अविवाहितांची रांग वेगळी. ठरलेली जागा रात्रभर सोडायची नाही.

गणवेश दोन आहेत. निळा नेहमीच्या कामांना: पुरुषांना पांढरा शर्ट, निळी पँट आणि टाय, बायकांना पांढरा ब्लाउज, निळा प्लीट्सचा स्कर्ट आणि बो. पांढरा गणवेश मोठ्या सणांना. त्यात बायकांच्या डोक्यावर मुकुट, अंगावर हिरवा पट्टा आणि खांद्यावरून सुटलेल्या रंगीत फिती असतात. दीक्षित सदस्याच्या छातीवर सहा टोकांचा तारा असतो. तो मिळणं म्हणजेच पंथात प्रवेश.

प्रार्थना झाल्यावर पेय दिलं जातं. पुरुष एका खिडकीशी, बायका दुसऱ्या. मग गाणं सुरू होतं आणि ते पुढचे सहा, आठ, कधी बारा तास चालतं, मध्ये एक मोठी सुट्टी. ही स्तोत्रं कुणी 'रचत' नाही, ती 'मिळतात' अशी श्रद्धा आहे, आणि प्रत्येकाला मिळालेल्या स्तोत्रांची त्याच्या नावाची वही असते. इरिनेउंची 'ओ क्रुझेइरो' ही मूळ वही, शंभरावर स्तोत्रांची. चाली तीनच: मार्च, वॉल्ट्झ आणि मझुर्का. त्या तालावर सगळे आपापल्या जागी डावी-उजवीकडे ठरलेली पावलं टाकतात आणि हातातला 'माराका' हा खुळखुळा वाजवतात. वारकऱ्याच्या हातात टाळ तसा यांच्या हातात माराका. ताल चुकला की आख्खी रांग डगमगते, आणि पेयाच्या भरात ताल धरून ठेवणं हीच साधना.

दर महिन्याच्या १५ आणि ३० तारखेला 'कॉन्सेंत्रासांव' असते. तिच्यात नाच नाही. बराच वेळ ताठ, हातपायांची घडी न घालता, शांत बसायचं आणि शेवटी इरिनेउंची अखेरची स्तोत्रं गायची. मृतांसाठीची 'मिसा' वेगळी. ती वाद्यांशिवाय गातात.

आणखी एक माणूस महत्त्वाचा: 'फिस्काल'. रांगांच्या कडेने फिरणारे हे स्वयंसेवक कुणाला उलटीसाठी बाहेर नेतात, कुणी घाबरलं तर जवळ बसतात, बाहेर भटकणाऱ्याला परत आणतात. एखाद्या दाइमे चर्चचा दर्जा ओळखायचा असेल तर स्तोत्रांपेक्षा फिस्कालांकडे बघावं.

वेजेतालचं सत्र यापेक्षा वेगळं असतं का?

बरंच. नाच नाही, गणवेश साधा (हिरवा शर्ट), आणि सगळे खुर्च्यांवर बसलेले. सत्रं महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, रात्री ८ वाजता सुरू होऊन १२.१५ला संपणारी. वेळ काटेकोर पाळतात. सत्र चालवणारा 'मेस्त्रे' सगळ्यांना पेला देतो, सगळे उभे राहून एकदमच पितात. मग पंथाची घटना आणि नियम मोठ्याने वाचले जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे सरकारी बैठकीसारखं वाटतं, पण पेय चढायला लागणारा वेळ नेमका यात जातो. त्यानंतर मेस्त्रे 'शामादा' म्हणजे आवाहनाची गाणी एकट्याने म्हणतो, प्रत्येकाला 'बुर्राशेरा' आली का (पेयाच्या प्रभावाला त्यांचा हा शब्द) हे विचारतो, आणि मग प्रश्नोत्तरं. सदस्य परवानगी मागून प्रश्न विचारतात. मध्ये मध्ये लांब शांतता असते, काही वेळा रेकॉर्ड केलेलं संगीत.

शिकवण तोंडीच दिली जाते, पायरीपायरीने: सामान्य सदस्य, मग 'शिक्षण मंडळ', मग 'सल्लागार मंडळ', मग मेस्त्रे. कोणती कथा कोणत्या पायरीवर ऐकायची हे ठरलेलं आहे. मेस्त्रेपद पुरुषांनाच मिळतं. संस्थापकांच्या पत्नी मेस्त्रे पेकेनिना हा एक अपवाद. बाहेरचे यावर टीका करतात आणि ती टीका रास्तच आहे.

बार्किन्या?

लहान, बहुतांशी रियो ब्रांकोपुरता. नावाचा अर्थ छोटी नाव. गणवेश खलाशाच्या धर्तीचा आणि स्तोत्रांतही समुद्र. इथे उम्बांदा या आफ्रो-ब्राझिलियन परंपरेप्रमाणे अंगात येणं मोकळेपणाने होतं. अंगात आलेले 'काळे आजोबा' (जुन्या गुलामांचे आत्मे) किंवा 'कॅबोक्लो' (आदिवासींचे आत्मे) रांगेतल्या लोकांना सल्ला देतात, आणि या धर्मादाय कामाला पंथात मोठं स्थान आहे.

काढा तयार कसा करतात?

दाइमेमध्ये या विधीला 'फेइतिओ' म्हणतात. तो अनेक दिवस चालतो आणि तीही उपासनाच असते. पुरुष वेल तोडून आणतात, खरवडून स्वच्छ करतात, वीतभर तुकडे करतात. मग झाडाच्या बुंध्यांवर समोरासमोर बसून लाकडी मोगऱ्यांनी ते तुकडे तालात ठेचतात, धागे सुटेपर्यंत. गाणी चालू असतात आणि बसणाऱ्यांनीही त्याआधी पेय घेतलेलं असतं. पानं बायका निवडतात: एकेक पान पुसायचं, किडकं काढायचं. मोठ्या पातेल्यांत वेल आणि पानांचे थर लावून लाकडाच्या भट्टीवर तासन्तास उकळतात, गाळतात, आणि तो गाळलेला काढा पुन्हा ताज्या थरांवर ओततात. भट्टीवरचा प्रमुख फेस, वास आणि रंग बघून पातेलं कधी उतरवायचं ते सांगतो. त्यात घड्याळ फारसं कामाचं नसतं.

बिघडतं काय? आग जास्त झाली तर तळाला करपतं आणि कडवटपणाबरोबर जळका वास येतो. नीट न गाळल्यास किंवा पातळ ठेवल्यास बाटलीत आंबतं. आंबलेलं पेय जास्त आंबट लागतं, पोट जास्त बिघडवतं, आणि गच्च बूच लावलेली बाटली वायूच्या दाबाने फुटू शकते. म्हणून जाणकार लोक बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात आणि अधूनमधून बूच सैल करून बघतात. प्रत्येक फेइतिओची तारीख, जागा आणि दर्जा बाटलीवर लिहिलेला असतो.

एका वेळी किती पितात?

मिलिलिटरमध्ये उत्तर देण्यात अर्थ नाही. एका भट्टीतला काढा पाण्यासारखा पातळ, तर दुसरीतला 'मेल' म्हणजे मधासारखा दाट असतो, आणि दोघांतल्या द्रव्यांच्या प्रमाणात कित्येक पटींचा फरक पडतो. पेला देणाऱ्याला ती बाटली ठाऊक असते आणि समोरचा माणूसही. नवख्याला तो कमी देतो, आणि दुसरा पेला नंतर मागता येतो. इंटरनेटवर वाचलेला आकडा घेऊन अनोळखी बाटली पिणं हे अपघाताचं सर्वांत सोपं कारण आहे.

परिणाम बहुधा अर्ध्या ते एका तासात सुरू होतो आणि साधारण चार तास टिकतो. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून लगेच आणखी मागणारे पुढे पस्तावतात, कारण दोन्ही पेले एकदम चढतात.

उलट्या का होतात? त्या वाईट का?

वेलीची अल्कलॉइडं आणि आतड्यातलं वाढलेलं सेरोटोनिन यामुळे मळमळ, उलटी, कधी जुलाब होतात. पंथांत याला 'सफाई' मानतात आणि कुणी तोंड वाकडं करत नाही. बादल्या, टिश्यू, पाणी तयार असतं. उलटी एकदोनदा होऊन थांबते. ती तासन्तास थांबतच नसेल, किंवा सोबत ताप, थरथर, स्नायूंचे झटके असतील, तर ती सफाई समजू नये. खालचा प्रश्न वाचा.

कोणती औषधं चालू असताना हे पेय जीवघेणं ठरू शकतं?

वेल विकर अडवते, त्यामुळे सेरोटोनिन वाढवणारं कुठलंही औषध सोबत असेल तर 'सेरोटोनिन सिंड्रोम' होऊ शकतो. लक्षणं अशी: खूप घाम, थरथर, अस्वस्थता, नाडी वेगवान, बुबुळं मोठी, पाय आपोआप झटके देणं, आणि गंभीर अवस्थेत खूप ताप, ताठलेले स्नायू, बेशुद्धी. ही तातडीने रुग्णालयात नेण्याची अवस्था आहे, आणि डॉक्टरांना काय प्यायलं ते खरं सांगायलाच हवं.

यादी लांब आहे. नैराश्य आणि चिंतेवरची फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन, जुनी क्लोमिप्रामिनसारखी औषधं, दुखण्यावरचं ट्रामाडॉल आणि पेथिडिन, लिनेझोलिड हे प्रतिजैविक, एमडीएमए हे नशेचं द्रव्य. सर्वांत जास्त विसरलं जाणारं औषध म्हणजे डेक्स्ट्रोमेथॉर्फन, जे कोरड्या खोकल्याच्या कित्येक साध्या सिरपमध्ये असतं. लिथियम घेणाऱ्यांना झटके येण्याचा धोका आहे. सर्दीवरच्या स्यूडोएफेड्रिनने रक्तदाब एकदम चढू शकतो. 'सेंट जॉन्स वॉर्ट'सारखी वनौषधीही याच यादीत येते. 'आयुर्वेदिक आहे, नैसर्गिक आहे' हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण हा काढाही नैसर्गिकच आहे.

उपाय म्हणून औषध परस्पर बंद करणं हा दुसरा अपघात. फ्लुऑक्सेटिन आणि त्याचा शरीरात तयार होणारा घटक आठवडेच्या आठवडे राहतो. विकर अडवणारं औषध द्यायचं असेल तर डॉक्टर फ्लुऑक्सेटिन थांबवल्यावर किमान पाच आठवड्यांचं अंतर धरतात, इतर बहुतेकांसाठी दोन. शिवाय औषध अचानक तोडल्याने मूळ आजार उलटू शकतो. 'चर्चला जायचं आहे' या कारणासाठी औषध सोडू नये, हेच आमचं उत्तर.

आणखी कुणी पिऊ नये?

स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा मनोविकृतीचा इतिहास असेल त्यांनी. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, अपस्मार असलेल्यांनी. पेय काही काळ रक्तदाब आणि नाडी वाढवतं. निरोगी माणसाला ते झेपतं, बाकीच्यांना झेपेलच असं नाही. दारू प्यायलेल्याला कुठलंही जबाबदार चर्च दारातूनच परत पाठवतं. दाइमेत तर कामाच्या तीन दिवस आधीपासून तीन दिवस नंतरपर्यंत दारू आणि शरीरसंबंध वर्ज्य असतात.

मग याने माणसं मरतात का?

पंथांच्या नेहमीच्या चौकटीत, दोनच वनस्पतींच्या काढ्याने निरोगी माणूस दगावणं फार दुर्मीळ. धोका वाढतो तो भेसळीने. पेरूकडच्या काही पर्यटक-केंद्रांत काढ्यात 'तोए' म्हणजे ब्रुग्मान्सिया मिसळतात. ते धोत्र्याचं भावंड आहे, त्यात स्कोपोलामिन असतं, आणि त्याने माणूस भ्रमिष्ट होऊन उठून चालू लागतो, काही आठवत नाही, श्वास आणि हृदयावरही परिणाम होतो. दाइमे आणि वेजेताल हे दोन्ही पंथ तिसरी वनस्पती घालत नाहीत.

दुसरा धोका मानसिक आजाराचा. मार्च २०१० मध्ये ब्राझीलचे लोकप्रिय व्यंगचित्रकार आणि साओ पावलोजवळच्या एका दाइमे चर्चचे संस्थापक ग्लाउको व्हिलास बोआस आणि त्यांचा मुलगा राओनी यांची, पूर्वी त्या चर्चमध्ये येणाऱ्या एका तरुणाने गोळ्या घालून हत्या केली. नंतर तो गंभीर मनोरुग्ण ठरला. त्याला पेयाने वेड लागलं की आधीच होतं, यावर ब्राझीलमध्ये खूप वाद झाला. पण पहिल्यांदा येणाऱ्याची मुलाखत नीट घ्यावी, आणि वागणं बदललेल्या सदस्याला पेय देणं थांबवावं, याबद्दल कुठल्याही बाजूचं दुमत नव्हतं.

मुलं आणि गरोदर बायका पितात का?

ब्राझीलमध्ये दाइमे कुटुंबांत बाळाच्या बाप्तिस्म्याला जिभेवर थेंबभर लावतात, आणि दाइमे व वेजेताल या दोन्ही पंथांत काही गरोदर बायका थोड्या प्रमाणात पितात. तिथल्या सरकारने हा निर्णय पालकांवर आणि आईवर सोडला आहे. पंथाबाहेरच्या गरोदर बाईने मात्र याला हातही लावू नये, असंच आम्ही सांगू.

व्यसन लागतं का?

दारू किंवा अफूसारखं शारीरिक अवलंबित्व यात दिसत नाही. १९९३ साली मनाऊसमध्ये वेजेतालच्या १५ जुन्या सदस्यांची १५ बिगरसदस्यांशी तुलना करून अभ्यास झाला. त्यात सदस्यांच्या आरोग्यात आणि बौद्धिक कसोट्यांत बिघाड आढळला नाही, आणि पंथात येण्याआधी दारूत बुडालेले अनेकजण त्यातून बाहेर पडले होते. पण हे सगळे पुरुष, आणि वर्षानुवर्षं टिकलेले. जे सोडून गेले ते त्या मोजणीत नव्हते.

दाइमेवाले गांजाही ओढतात, हे खरं का?

सेबास्तियांव यांच्या शाखेत काही काळ गांजाला 'सांता मारिया' म्हणून पवित्र मानलं गेलं. आल्तो सांतो आणि वेजेतालला ते कधीच मान्य नव्हतं, आणि ब्राझीलच्या नियमांनुसार आयावास्काबरोबर कुठलाही बेकायदा पदार्थ चालत नाही. पंथांमधले जुने बेबनाव या एका प्रश्नावरून अजून निवलेले नाहीत.

कायदा काय म्हणतो?

ब्राझीलमध्ये १९८५ साली वेलीवर बंदी आली, अभ्यासगट नेमला गेला आणि १९८७पर्यंत ती उठली. २५ जानेवारी २०१० रोजी राष्ट्रीय अमली पदार्थ धोरण परिषदेने ठराव काढून नियम पक्के केले: धार्मिक वापर चालेल, विक्री, जाहिरात आणि पर्यटन चालणार नाही, नवख्याची आधी मुलाखत घ्यावी, पंथांनी वनस्पती स्वतः लावाव्यात.

अमेरिकेत १९९९ साली न्यू मेक्सिकोत वेजेतालच्या शाखेचा काढा कस्टम्सने जप्त केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २१ फेब्रुवारी २००६ रोजी ८-० असा निकाल पंथाच्या बाजूने लागला, १९९३च्या धार्मिक स्वातंत्र्य पुनःस्थापना कायद्याच्या आधारे. न्यायालयाने डीएमटीला मोकळीक दिली नाही. याच गटाचा हाच वापर रोखण्याचं पुरेसं कारण सरकारला दाखवता आलं नाही, एवढंच म्हटलं. २००९ साली ओरेगॉनमध्ये दाइमेलाही तसाच निकाल मिळाला. कोणीही चर्च म्हणवून पाटी लावली की सूट मिळते, हा समज यातूनच पसरला आणि तो चूक आहे.

कॅनडाने २०१७ साली मॉन्ट्रियालच्या दाइमे गटाला सूट दिली. नेदरलँड्समध्ये उलटा प्रवास झाला: २००१ साली दाइमे निर्दोष सुटलं, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. फ्रान्समध्ये २००५ साली खटला हरल्यावर सरकारने वनस्पतीच बंदीच्या यादीत टाकल्या.

आणि भारतात?

बेकायदा. अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या अनुसूचीत डीएमटी आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत पदार्थापासून बनवलेली मिश्रणंही येतात. जवळ बाळगणं आणि विकणं कलम २२खाली, बाहेरून आणणं कलम २३खाली. व्यापारी प्रमाण ठरलं तर शिक्षा १० ते २० वर्षं. अमेरिकेसारखा धार्मिक सुटीचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, आणि संविधानाचं कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. 'भांग चालते मग हे का नाही' असं विचारणाऱ्यांसाठी: भांगेची पानं कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतच बसत नाहीत, म्हणून ती राज्यांच्या परवान्यावर चालते. धर्मासाठी दिलेली ती सवलत नाही. ब्राझीलहून बाटली बॅगेत घालून मुंबईत किंवा दाबोळीला उतरणं म्हणजे थेट फौजदारी गुन्हा.

या पंथांचा भारताशी किंवा गोव्याशी काही संबंध आहे का?

थेट नाही, पण दोन धागे आहेत. साओ पावलोत १९०९ साली स्थापन झालेलं 'विचार-ऐक्याचं गूढ मंडळ' स्वामी विवेकानंदांना आपल्या आश्रयदात्यांमध्ये मानतं. इरिनेउ या मंडळाचे सदस्य होते, त्याची 'सुसंवाद, प्रेम, सत्य, न्याय' ही चतुःसूत्री आणि एक प्रार्थना दाइमेत आजही आहे.

दुसरा धागा पोर्तुगीज कॅलेंडरचा. दाइमेचे मोठे सण म्हणजे सेंट जॉनची २३ जूनची रात्र, ८ डिसेंबरचं कोन्सेसांव (मारियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण), नाताळ आणि ६ जानेवारीचे तीन राजे. गोव्यात सांजांवला विहिरीत उड्या पडतात, पणजीच्या चर्चचं फेस्त भरतं, रेइश मागुशला राजे मिरवतात, आणि त्याच दिवसांत आक्रेत शेकोटीभोवती पांढऱ्या गणवेशात रात्रभर माराका वाजत असतो.

पैसे किती लागतात?

सदस्य मासिक वर्गणी देतात, पाहुण्याकडून खर्चापुरता वाटा मागतात. वेजेतालच्या मेस्त्रेंना पगार नाही. पेयाची किंमत लावणारा, 'सात दिवसांत आघात बरा' असं छापणारा किंवा कुरियरने बाटली पाठवणारा गट ब्राझीलच्या नियमांत बसत नाही.

ब्राझीलमध्ये असताना पाहुणा म्हणून जायचं असेल तर?

आधी कळवावं लागतं आणि मुलाखत होते. तिच्यात औषधं आणि मानसिक आजार लपवू नका. तीन दिवस दारू नको, त्या दिवशी हलकं जेवण. कपडे पांढरे किंवा फिके, काळा-लाल नको. बायकांना गुडघ्याखाली येणारा स्कर्ट. जी जागा दाखवतील तिथेच उभं राहा. बाहेर जायचं झालं तर फिस्कालला सांगून जा आणि परत या. काम बंद होईपर्यंत आवार सोडू देत नाहीत, आणि तसा शब्द आधीच घेतात. फोन बंद. शेजाऱ्याला त्रास होत असेल तर हात लावू नका, फिस्कालला खूण करा. विरुद्धलिंगी माणूस तुम्हाला एकट्याला अंधारात 'उपचारा'साठी नेऊ लागला तर जाऊ नका. नीट चालणाऱ्या चर्चमध्ये बायकांची काळजी बायकाच घेतात. परतीचं वाहन दुसऱ्याने चालवायचं किंवा तिथेच झोपायचं, हे आदल्या दिवशीच ठरवा.